चुकांची वही

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. शिरगाव, चुरीभाऊंच्या वाडीतलं घर.

हजर: शालिनीवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी. मुलगा मिलिंद आणि सून प्राची, दोघं सरावलीहून. रामबचन, आमच्या कारखान्यातला जुना ऑपरेटर, कुंभवलीहून मोटारसायकलने. आणि मी, पालघरहून.

भाऊंना जाऊन महिना झाला. मासिक काल सरावलीच्या फ्लॅटवर झालं. आज आम्ही जमलो ते घर उघडायला. बरेच महिने बंद होतं. कडीला गंज चढलेला, ओटीवर सुक्या झावळ्यांचा ढीग, पंपाच्या खोलीच्या दारात मुंग्यांचं वारूळ. सगळ्यांनी मिळून दीड तास झाडलोट केली. चहा पिताना मिलिंद म्हणाला, "काकी, तुम्ही बाबांवर काहीतरी लिहा ना. कारखान्यातली माणसं विचारतात, छापून वाटू. तुमच्याइतकं नीट कोण लिहिणार?"

नीट लिहिणं हे माझं कामच होतं आणि आहे. लॅबमध्ये सत्तावीस वर्षं नमुने, आकडे, नोंदी. तेव्हा लिहिते. भाऊंचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की शेवटच्या वर्षात त्यांना एकच गोष्ट हवी होती: या वाडीत राहायला मिळावं. ते मिळालं नाही. का मिळालं नाही, तेही यात येईल.

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका व्हॉल्व्हवर हात ठेवून त्याचं नाव घेत होते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं करतो. भाऊ पाळीप्रमुख होते. ठेंगणे, रुंद खांद्याचे, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पाळी बदलताना जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून अख्खी लाइन चालायची, प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावायचा आणि तो कसा आहे ते मोठ्याने सांगायचं, ही त्यांची पद्धत. "स्टीम, बंद. कूलिंग, उघडा. ड्रेन, बंद." वहीवर सही त्यानंतर.

मी लॅबमधली नवी मुलगी, हातात क्लिपबोर्ड. मला त्यांच्या मागून फिरायला सांगितलं होतं.

"काय लिवते?" त्यांनी विचारलं.

"कुठला व्हॉल्व्ह बंद, कुठला उघडा."

"हात लावला?"

"दिसतंय की बंद आहे."

"दिसतंय ते डोळ्याला. हाताला विचार." त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातातून घेतला आणि खांबावरच्या खिळ्याला अडकवला. "हा इथंच ऱ्हाऊ दे. चल आता."

मला राग आला होता. घरी जाऊन मी त्या दिवशीची सगळी लाइन आठवून कागदावर काढली. दोन व्हॉल्व्ह चुकले. दुसऱ्या दिवशी हात लावत गेले, एकही चुकला नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

रामबचन तेव्हा नुकताच उत्तरेकडून आला होता. कंत्राटी कामगार, लाजाळू. पाळी घेताना हात खिशात घालून चालायचा. भाऊंचं हिंदी असं होतं: "ए रामबचन, हाथ किधर हाय तेरा?"

"साहब, जेब में."

"जेब में व्हॉल्व्ह हाय काय?"

सगळे हसले. रामबचनही. त्या दिवसापासून त्याचे हात बाहेर राहिले ते आजपर्यंत. आज झावळ्या ओढून झाल्यावर तो पंपाच्या खोलीत गेला आणि नकळत प्रत्येक कॉकला हात लावून आला, हे मी पाहिलं.

एकदा दुपारी तीनला वीज गेली. मोठ्या टाकीतला माल ढवळायचा थांबला आणि आतून तापू लागला. असा माल तापत गेला तर टाकी फुटते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं दरवाज्याकडे धावली. भाऊ चालत निघाले. सावकाश, बाजारात निघाल्यासारखे. इकडचा बंद, तिकडचा उघडा, शिडी चढून वरचा एक, खाली येऊन दोन. पारा थांबला, मग उतरला.

खरी गंमत पुढे. मॅनेजरने लेखी अहवाल मागितला. भाऊ केबिनमध्ये कोरा कागद समोर घेऊन अर्धा तास बसले. एक ओळ लिहिली नाही. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "बाई, चल जरा." आम्ही दोघं लाइनवर गेलो. ते एकेका व्हॉल्व्हवर हात ठेवत गेले आणि सांगत गेले, मी लिहीत गेले. सात पायऱ्या, एकही मागेपुढे नाही.

"बसून मला काय आठवत नाय," ते म्हणाले. "हात ठेवला का येतं."

मला ती त्यांची एक तऱ्हा वाटली होती.

कागदाचं त्यांना वावडं होतं, पण एक कागद ते मानायचे. शंभर पानी, शाळेची, वर पोपटाचं चित्र असलेली चुकांची वही. सोमवारी पाळी सुरू होण्याआधी सगळे गोल उभे राहत. आठवड्यात ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याने ती स्वतः वाचून दाखवायची. दंड नाही, ओरडा नाही, कुणी हसायचं नाही. वाचून झालं की बाकीच्यांनी एवढंच म्हणायचं, "ऐकलं." पहिलं वाचन भाऊंचं असे. "परवा मी बायपासचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून जेवायला गेलो." "ऐकलं." ज्याने एकदा तिथे उभं राहून चूक वाचली, त्याच्या हातून ती पुन्हा होत नसे. मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्यांच्या पाळीत कुणी भाजल्याचं मला आठवत नाही.

एकदा रामबचनने गळती वेळेवर पकडली. मी म्हटलं, "भाऊ, हेही वहीत लिहा ना. चांगलं काम केलं त्याने."

"बरोबर केलं ते कामच हाय," भाऊ म्हणाले. "त्याची वही कशाला?"

शाब्बास हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. वहिनी म्हणतात, त्यांनीही नाही. कालवण चांगलं झालं की ते दुसऱ्यांदा भात घेत. तेवढ्यावरून समजायचं.

सेवानिवृत्त झाल्यावर भाऊ पूर्ण वेळ वाडीचे झाले. नारळ, केळी, विहिरीकडेला थोडी सुपारी. शनिवारी मला फोन यायचा, "उद्या येते काय? केळी उतरवलीत." मी बसने यायची. पंप सुरू करणं हा त्यांचा रोजचा सोहळा. आधी पंपात पाणी भरायचं, वरची कॉक बंद करायची, मग स्टार्टर, मग कॉक हळूहळू उघडायची. बोलता बोलता, माझ्याकडे बघत, हात आपापले चालायचे.

पुढच्या वर्षी एका रविवारी ते पंपापाशी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "बघा हो बाई, अलीकडं असेच उभे ऱ्हातात." मी गेले. भाऊ कॉकवर हात ठेवून उभे होते.

"काय झालं?"

"हात विसरला," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

मग उजव्या हाताचा अंगठा बसल्या जागी थरथरू लागला. पावलं आखूड झाली. वाडीच्या कुठल्याशा कागदावर सही करायला मी त्यांना कोळगावला जिल्हा कार्यालयात नेलं, तेव्हा त्यांची सही तांदळाच्या दाण्याएवढी झालेली पाहिली. रांगेत मागे उभा असलेला एक गृहस्थ डोकावून म्हणाला, "काका, सही केलीत की मुंगी मारलीत?"

"मारली नाय," भाऊ म्हणाले. "चाललेय अजून. हळूहळू."

निदान झालं, पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की अर्ध्या तासाने अंग मोकळं व्हायचं, पाऊल पुरं पडायचं, सहीसुद्धा मोठी यायची. तीन-चार तासांनी पुन्हा सगळं आखडायचं. भाऊ याला वाफ म्हणत. "थांब, वाफ येऊ दे." "वाफ उतरली बाई, आता उद्या बोल." जेवणाच्या आधी किती वेळ, दोन गोळ्यांत किती अंतर, याचा तक्ता मी करून भिंतीला लावला. वहिनींनी त्याला खालून उदबत्तीचं घर टांगलं होतं. मी ते बाजूला सरकवलं.

हातापायाचं गोळीने बरंच सावरलं. घोळ दुसरीकडे सुरू झाला. पाणी न भरताच पंप सुरू केला आणि मोटर जळली. दुरुस्त केली, पुन्हा जळली. दूध गॅसवर ठेवून ते विहिरीवर गेले. एकदा एका गोळीच्या जागी दोन घेतल्या आणि दिवसभर जीभ वळवळत राहिली.

मिलिंद वाईट मुलगा नाही. हे आताच लिहून ठेवते, कारण पुढे तसं वाटू शकेल. तो रोज फोन करायचा, दर रविवारी यायचा, दोन्ही वेळा मोटर त्यानेच दुरुस्त करून आणली. त्याला भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. तो म्हणाला, "बाबा, सरावलीला चला. प्राची घरी असते. लिफ्ट आहे."

"तिकडं माती कुठं हाय?"

"कुंडीत देतो."

"कुंडीत मला लाव मग," भाऊ म्हणाले.

वहिनी हसल्या, मग पदराने तोंड पुसलं.  शेवटी मिलिंदनेच तोड काढली. महिनाभर बघू. पंप, गॅस आणि गोळ्या, या तीन गोष्टी नीट जमल्या तर बाबा इथेच राहतील, तो पुन्हा विषय काढणार नाही. नोंद काकी ठेवतील.

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. असं काम मला जमतं.

भाऊ म्हणाले, "बाई, फक्त चुका लिव. आन दर रविवारी मला वाचून दाखव. मी तसाच शिकलोय."

शंभर पानी वही आणली. वहिनींनी रोजचं मला फोनवर सांगायचं, मी लाल पेनने लिहायचं. रविवारी दहाला भाऊ गोळी घेत, साडेदहाला वाफ येई, अकराला ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओटीवर ताठ बसत. मी वाचायची. "सोमवार. पाणी न भरता स्टार्टर दाबला. गुरुवार. पाणी न भरता स्टार्टर दाबला. शुक्रवार. गॅसचा खटका चालू राहिला."

"ऐकलं," भाऊ म्हणत.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मी पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या दारावर चिकटवल्या. दारापाशी गेल्यावर वर बघायचं असतं, हेच त्यांना आठवत नव्हतं.

"अवो, कालच तर बाईनी वाचून दाखवलं," वहिनी म्हणायच्या.

"ऐकलं ना मी."

"ऐकलं तर गेलं कुठं?"

भाऊ आपल्या तळहाताकडे बघत. तिसऱ्या रविवारी माझा तोल गेला. मी म्हटलं, "भाऊ, रामबचनने तीन आठवडे एकच चूक केली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

ते विचार करून म्हणाले, "व्हॉल्व्हपासून लांब ठेवला असता."

महिना संपला. मी वही मिलिंदच्या हातात दिली. त्याने पानं उलटली. लाल, लाल, लाल. त्याने एक वाईट शब्दही उच्चारला नाही. भाऊच म्हणाले, "सामान बांध. बोललो होतो तसं."

निघायच्या सकाळी त्यांनी मला लवकर बोलावलं. गोळी घेऊन तयार होते. म्हणाले, "पाळी देतो, चल." आणि आम्ही अख्खी वाडी चाललो. प्रत्येक माडाला त्यांनी हात लावला. "फळाला. फळाला. हा रिकामा. ह्याला भुंगा लागलाय, बघ. फळाला." विहिरीच्या कठड्याला हात लावून म्हणाले, "पाणी हाय." मग माझ्याकडे बघत थांबले. मला आधी कळेना. मग कळलं. मी म्हटलं, "ऐकलं."

सरावलीच्या फ्लॅटमध्ये भाऊ गॅलरीत बसून असत. समोर इमारती, त्यांच्या डोक्यावरून कारखान्यांची धुराडी. प्राची त्यांची काळजी घ्यायची. गॅस आणि गोळ्या तिच्या हातात, पंप नाही, त्यामुळे चुकाही नाहीत. ते बारीक होत गेले.

दोन महिन्यांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे वसईला जायचं होतं. मिलिंदला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी नेलं. वही बरोबर घेतली होती. कागदपत्रं पुरी असावीत, एवढ्याच हेतूने.

डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशीच्या, शांत. वही चाळून त्यांनी विचारलं, "आणि बरोबर केलेलं कुठे आहे?"

"ते लिहिलं नाही," मी म्हटलं.

"किती वेळा बरोबर झालं असेल?"

मी तिथेच मोजू लागले. महिन्याचे तीस दिवस, दिवसातून दोनदा पंप, पाच गोळ्या. बहुतेक वेळा बरोबरच झालं होतं. एवढं साधं गणित मी केलंच नव्हतं.

"आणि चुका वाचायचात तेव्हा गोळी घेतलेली असायची?"

"हो. मुद्दाम. अंग मोकळं असताना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, ते या आजारात कमी पडतं, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, हालचालीला ते लागतं, तसंच शिकायलाही लागतं, आणि हाताच्या सवयी जिथे साठतात तिथेही लागतं. म्हणून जन्मभर आपोआप होणारी कामं यांना आता विचार करून करावी लागतात.

"म्हंजे बॅचमध्ये एक माल कमी पडला," भाऊ म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसंच समजा. पण सगळ्या टाक्यांत सारखा कमी नाही. हालचालीच्या टाकीत तळ दिसतोय. शेजारच्या टाकीत अजून बराच आहे. आणि भरायला आपल्याकडे पाइप एकच, ही गोळी."

भाऊंचे डोळे किती दिवसांनी चमकले. "म्हंजे एक भरेतोवर दुसरी ओसंडणार."

"अगदी. आणि ती दुसरी टाकी शिकण्याची. काम बरोबर झालं की तिथे डोपामीन क्षणभर वाढतं, चुकलं की क्षणभर कमी होतं. त्या उतारातून माणूस चुकीपासून शिकतो. गोळीने टाकी काठोकाठ असली की तो उतार पडतच नाही. बरोबर केलेलं मनात बसतं, चुकलेलं बसत नाही. गोळी नसताना बऱ्याच जणांत याच्या उलट दिसतं. प्रत्येकाचं सारखं नसतं, पण यांचं मला तसंच दिसतंय."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"काका ऐकत नव्हते असं नाही," त्या मला म्हणाल्या. "त्या पद्धतीने त्यांना शिकता येणारच नव्हतं. बरोबर झालं की लगेच शाब्बास म्हणून बघा. आणखी एक. यांची आठवण पुसलेली नसते, सापडत नाही. सुरुवात करून दिली की पुष्कळदा पुढचं येतं. मात्र पुढे करायची गोष्ट आपणहून वेळेवर आठवणं, हे यांना सगळ्यांत जड. ते दुसऱ्याने आठवून द्यायचं."

स्टेशनवरून फ्लॅटकडे परतताना रिक्षात भाऊंनी वही मागून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मिलिंदला मी सांगतो."

"मी सांगते ना. वही माझी आहे."

"तू मधी पडू नको. वही मीच मागितली होती. मी सांगतो का परत एक महिना दे. वाडीत. ह्या वेळी बरोबरची वही." आणि थोड्या वेळाने, "देईल तो. मनाचा चांगला हाय."

मी बरं म्हटलं. पुढे करायची गोष्ट यांना आपणहून आठवणार नाही, हे दोन तासांपूर्वीच मी ऐकलं होतं. घरी आल्यावर मी भाऊंसाठी पुढच्या आठवड्याची यादी केली. अकरा गोष्टी होत्या. ही तीत नव्हती.

फ्लॅटवर मी पद्धत तेवढी सांगितली: आता शाब्बास म्हणायचं, डॉक्टर म्हणाल्यात. का म्हणायचं, ते सांगितलं नाही. ते भाऊ सांगणार होते.

शाब्बासने फरक पडला. सुरुवातीला वहिनींच्या तोंडून शब्दच निघेना. भाऊंनी स्वतःहून दुपारची गोळी घेतली तेव्हा त्या पाण्याचा पेला परत घेताना भिंतीकडे बघून म्हणाल्या, "छान केलंत." भाऊ म्हणाले, "कोणाला बोलते?" पण दुसऱ्या दिवशी गोळी वेळेवर घेतली, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात गॅसचा खटका बंद करून, हात लावून, प्राचीला हाक मारून दाखवू लागले. प्राची तर टाळ्या वाजवायची.

दिवाळीत रामबचन मिठाई घेऊन आला. भाऊ त्याच्याकडे एकटक बघत राहिले आणि म्हणाले, "रामबचन, उस दिन तूने बराबर किया था."

"किस दिन, साहब?"

"याद नाय. पण केला होता. शाब्बास."

रामबचन उठून बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आला.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. दुपारचे चार. भाऊ गॅलरीत खुर्चीवर, अंगावर स्वेटर, मांडीवर माझ्या यादीचा कागद. मिलिंद आतल्या खोलीत शर्टांना इस्त्री करत होता. दार उघडं होतं, इस्त्रीचा वास येत होता. भाऊंची वाफ चांगली होती.

"बाई," ते म्हणाले, "मिलिंदला मला कायतरी सांगायचं होतं."

मी त्यांच्या मांडीवरचा कागद सरळ केला.

"तुला ठाऊक हाय. तू होतीस तिथं. सुरुवात दे, म्हंजे येईल मला."

एक शब्द पुरला असता. वसई म्हटलं असतं तरी चाललं असतं. मिलिंद आठ पावलांवर होता. वाडी अजून बंदच होती, पंप दुरुस्त होता, एक महिना मागून घ्यायला काहीच अडचण नव्हती. पण मिलिंदने निर्णय घेतला होता तो माझ्या नोंदीवर. सत्तावीस वर्षांत माझी नोंद चुकीची म्हणून कुणी परत पाठवली नव्हती.

"आठवेल, भाऊ," मी म्हटलं. "घाई नको."

ते माझ्याकडे बघत राहिले, वाट बघत. बराच वेळ. मग मान हलवली आणि समोर धुराड्यांकडे बघू लागले. दारातून मी वळून पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. एकेक शब्द लावून बघत असावेत.

पुढच्या आठवड्यात छातीत कफ झाला. दवाखान्यात चार दिवस होते. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ते झोपलेले होते.

आज साडेबाराला आम्ही घर पुन्हा बंद केलं. वहिनी पुढे जाऊन रिक्षात बसल्या. रामबचन मोटारसायकल काढत होता. मिलिंद कुलूप लावता लावता थांबला आणि दाराकडेच बघत म्हणाला, "काकी, बाबा शेवटी कुणाचं ऐकतच नव्हते हो. एवढा एक महिना जरी ऐकलं असतं, तर मी त्यांना इथून हलवलं नसतं. सारखं तेच डोक्यात येतं."

वही माझ्या पिशवीत होती. ती उघडून त्याला सगळं सांगायलाच मी आज आले होते.

मी म्हटलं, "कुलूप ओढून बघ, नीट लागलं का."

त्याने ओढून बघितलं. लागलं होतं.

आजच्या कामांची यादी: घर झाडणे, झालं. उरलेली औषधं बाजूला काढणे, झालं. पंपाची खोली साफ करणे, झालं. वीजबिलाची पावती मिलिंदला देणे, झालं. भुंगा लागलेल्या माडासाठी माणूस बघणे, रामबचन बघतो म्हणाला. मिलिंदला सांगणे, बाकी. हे छापायला जाण्याआधी झालं पाहिजे.